कोट, काकडी आणि साडेचार मीटर

तीन तारखेपासून अठ्ठावीस तारखेपर्यंत, म्हणजे सलग सव्वीस दिवस, शाळा असो वा सुटी, माझी सात वर्षांची मुलगी संध्याकाळी पाच वाजून वीस मिनिटांनी तिच्या आईचा काळा लोकरी कोट अंगात घालत असे, पायांत आईचे टाचांचे बूट सरकवत असे, दिवाणखान्याच्या दारापासून खिडकीजवळच्या खुर्चीपर्यंतचे साडेचार मीटरचे अंतर सहा मिनिटांत कापत असे, आणि मग त्या खुर्चीत पाऊण तास गप्प बसत असे. या वेळात ती काकडीखेरीज काहीही खात नसे.

मी ज्या प्रयोगशाळेत काम करतो, तिथे लहान मुलांचे कपडे आणि खेळणी तपासली जातात. बटण किती जोराने ओढल्यावर तुटते, बाहुलीचा डोळा किती उंचीवरून आपटल्यावर निखळतो, झालरीचा फ्रॉक ज्योत लागल्यापासून किती सेकंदांत पेटतो, हे मोजण्यात माझी एकवीस वर्षे गेली आहेत. या व्यवसायातून माणसाला दोन गोष्टी लाभतात, अचूकपणा आणि झोपमोड. इतरांना बाग दिसते तिथे मला घसरगुंडीची न घासलेली कड दिसते. मी भुताखेतांना मानत नाही, भविष्य मानत नाही, मांजर आडवे गेल्यास मांजराचीच काळजी करतो. परंतु फुग्याला मात्र मी घाबरतो. भुतामागे फक्त गोष्टी आहेत. फुग्यामागे आकडेवारी आहे.

माझी पत्नी एका विमा कंपनीत अपघातांचे दावे तपासते. म्हणजे ती झालेल्या अपघातांचे काम करते आणि मी न झालेल्यांचे. झालेले अपघात मोजके असतात, न झालेल्यांना अंत नसतो. तिला शांत झोप लागते याचे स्पष्टीकरण मी असे देतो.

"अगं, ती तुझा कोट घालून बसलीय," असे मी पहिल्याच आठवड्यात तिच्या निदर्शनास आणले.

"बसू दे. नाहीतरी धुवायला टाकायचाय."

"ती खेळत नाहीये पण. नुसती बसलीय. मान कॉलरमध्ये घालून."

"मग? मीपण ऑफिसातून आल्यावर अश्शीच बसते."

माझे म्हणणे नेमके हेच होते.

मुलीला आम्ही घरात भिंगरी म्हणतो. हे नाव लाडाचे नसून वर्णनाचे आहे. दोन तारखेपर्यंत या मुलीला कोणी चालताना पाहिलेले नव्हते. ती कधी वाघ असे, कधी पक्षी, कधी आगबोट. आणि यांपैकी जे काही असे ते धावत असे. अशा मुलीने एकाएकी सेकंदाला सव्वा सेंटिमीटर या वेगाने दिवाणखाना ओलांडावा, हाक मारली असता सावकाश मान वळवून "हं" एवढेच म्हणावे, आणि पाऊण तासाने उठताना गुडघ्यांवर हात टेकावेत, हे पाहून जो हातात घड्याळ घेणार नाही तो बाप नव्हे.

आठ तारखेला शाळेतून चिठ्ठी आली. खेळाच्या बाईंनी शर्यतीची शिट्टी वाजवली तेव्हा इतर मुले पळाली आणि आमची भिंगरी चालू लागली. कारण विचारल्यावर ती शांतपणे म्हणाली, "बाई, हे काय माझं पळायचं वय आहे का?" चिठ्ठीच्या शेवटी बाईंनी विचारले होते, 'घरी सर्व ठीक आहे ना?' हे वाक्य मी चार वेळा वाचले. प्रत्येक वेळी त्यातला 'ना' अधिक मोठा दिसू लागला.

मी नोंदवही उघडली. वेळ, वेग, बसण्याचा काळ आणि काकडीचे वजन असे चार रकाने आखले. मुलीलाच सरळ विचारावे, हा विचार माझ्या मनात आला होता, नाही असे नाही. परंतु ज्याचे निरीक्षण चालू आहे त्यालाच प्रश्न विचारला की निरीक्षण बिघडते, हा आमच्याकडचा पहिला धडा आहे. बटणाला आम्ही कधी विचारत नाही की बाबा रे, तू कधी तुटणार.

समोरच्या घरात एक मुख्याध्यापिका राहतात. त्या निवृत्त झाल्या आहेत, पण ही बातमी अद्याप त्यांच्यापर्यंत पोहोचलेली नाही. त्यांनी दारातूनच खुर्चीकडे दोन मिनिटे पाहिले, मला जिन्यात बोलावले आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "अकाली प्रौढत्व."

"काय?"

"वेळेआधी मोठं होणं. माझ्या नोकरीत मी अशा अडतीस मुली पाहिल्यात."

"मग, पुढे काय झालं त्यांचं?"

"मोठ्या झाल्या."

"सगळ्या?"

"एकूण एक," त्या म्हणाल्या, आणि जड मनाने त्यांनी चष्मा पुसला.

एवढ्यात खालच्या मजल्यावरचे दंतवैद्य जिना चढून येत होते. त्यांनी काकडीचे तेवढे ऐकले. "बिस्किट नको म्हणते? गोळी? चॉकलेट?" मी तिन्हींना मान डोलावली. ते जिन्यातच बसले. "माझ्या धंद्याच्या दृष्टीनं हे वाईट आहेच, ते सोडा. पण सात वर्षांची पोर काकडी खाऊन राहते म्हणजे तिनं कुठंतरी वजन कमी करायचं ऐकलंय. अहो, हल्ली दुधाचे दात पडायच्या आत मुली आरशापुढं उभ्या राहून सुस्कारे सोडतात."

त्या दिवसापासून मी मुलीचे सुस्कारेही मोजू लागलो. तासाला चार. निरोगी माणसाचे प्रमाण कुठेच मिळेना, म्हणून स्वतःचे मोजले. एकोणीस भरले.

उपायही मुख्याध्यापिकांनीच सुचवला. "पोशाखांची पेटी करा. वाघ द्या, राजा द्या, ढग द्या! मुलाला सोंग मिळालं की ते मोठ्यांच्या कपड्यांकडे ढुंकून बघत नाही. आणि हे बघा, तिला काही विचारायला जाऊ नका. विचारलं की मुलं लाजतात." माझ्या पद्धतीला असा शैक्षणिक आधार मिळाल्याने मला हुरूप आला. तीन पोशाख आणि एक पेटी. रविवारच्या एका सकाळचे काम, असा माझा अंदाज होता. तो अकरा दिवसांनी चुकला.

कोपऱ्यावरच्या शिवणकामवाल्या ताईंकडे मी आराखडे घेऊन गेलो. त्यांनी वाघापासून सुरुवात केली.

"शेपटी किती ठेवू?"

"बारा सेंटिमीटर. त्याहून जास्त नको, दारात अडकते."

त्यांनी टेप खाली ठेवला. "साहेब, वाघच ना हा? बोकड नाही ना?"

"वाघ. आणि मुखवटा नको. मुखवट्यानं बाजूचं दिसत नाही. वाघाचं तोंड टोपीवर काढा, कपाळाच्या वर."

"म्हणजे वर वाघाचं तोंड आणि खाली तुमच्या मुलीचं."

"बरोबर."

"मग तो वाघ दिसणार कुणाला?"

"वरून बघणाऱ्याला," मी म्हणालो. मी ते गंभीरपणेच म्हणालो होतो. दुकानातल्या दोन गिऱ्हाइकांना त्यात काय विनोदी वाटले ते मला अजून उमगलेले नाही.

राजाच्या झग्याला गळ्याशी नाडी असते. नाडी हा शब्द ऐकला तरी माझ्या अंगावर काटा येतो. म्हणून नाडीऐवजी हलक्या ओढीने सुटणारी चिकटपट्टी लावली. त्यामुळे राजाने पाऊल टाकले की झगा मागे राहत असे आणि राजा पुढे जात असे. मुकुट स्पंजाचा केला. तलवार दिलीच नाही. राजा शांतताप्रिय आहे, असे मी ठरवले. ढगात कापूस भरायचा होता, पण कापूस आणि ज्योत यांचे नाते मला फार जवळून ठाऊक आहे. म्हणून ढग करड्या कांबळ्याचा झाला. घडी घातल्यावर तो कांबळ्यासारखा दिसे. अंगावर घेतल्यावर तो घडी न घातलेल्या कांबळ्यासारखा दिसे.

इथेच मी थांबायला हवे होते. परंतु तपासणीशिवाय मुलाच्या अंगावर कपडा घालणे माझ्या नोकरीला शोभणारे नव्हते. आमच्या प्रयोगशाळेचा नियम असा, की प्रत्येक वस्तूचे तीन नमुने लागतात. एक जाळायचा, एक ओढून फाडायचा आणि एक जपून ठेवायचा. शिवणकामवाल्या ताईंना मी तीन वाघ, तीन राजे आणि तीन ढग सांगितले. त्यांनी हातातली कात्री बाजूला ठेवून विचारले, "तिळी आहेत का हो मुलं?" जाळण्याविषयी मी त्यांना सांगितले. तेव्हापासून त्या मला दुकानात एकटे सोडून आत जात नाहीत.

तपासणीचा अर्ज मात्र विभागप्रमुख बाईंनी परत केला. "नमुना देणारे तुम्ही, तपासणारे तुम्ही. उद्या तुम्ही तुम्हालाच नापास केलंत तर दाद कुणाकडे मागणार?" यात तथ्य होते. मी अर्जदार म्हणून पत्नीचे नाव घातले आणि फॉर्म तिच्यापुढे ठेवला. 'तपासणीचा उद्देश' या रकान्यात तिने लिहिले, 'नवरा शांत व्हावा म्हणून.' दोन दिवसांनी फॉर्म शेरा घेऊन परत आला, 'उद्देश मोजता येण्याजोगा नाही.' माझ्या खासगी आयुष्याचे इतके नेमके मूल्यमापन कार्यालयाने यापूर्वी कधी केले नव्हते. फॉर्म तीन टेबलांवरून फिरून आला होता आणि तिन्ही टेबलांवरची माणसे त्यानंतर माझी फार आपुलकीने चौकशी करू लागली.

तिसऱ्या आठवड्यात पेटी तयार झाली. झाकण बोटांवर आदळू नये म्हणून सावकाश मिटणाऱ्या बिजागऱ्या, कोपऱ्यांना रबर, बाजूंना हवेसाठी चौदा भोके. आत माझ्या घरच्या तपासणीत उत्तीर्ण झालेले तीन पोशाख. एकवीस तारखेला, पाचच्या आधी, मी ती भिंगरीपुढे ठेवली आणि पडद्यामागे उभा राहिलो. माझे हृदय मिनिटाला एकशे आठ ठोके देत होते. ते मी मोजले.

तिने झाकण उघडले. वाघ बाहेर काढला. त्याला उलटा केला. शेपटी दोन बोटांत धरून बराच वेळ पाहिली. राजाचा झगा खांद्यावर ठेवला. तो खाली पडला. तिने तो उचलला, नीट घडी घातली, सारे होते तसे परत ठेवले, आणि पडद्याकडे वळून म्हणाली, "छान आहे हं, बाबा."

मग पाच वाजून वीस मिनिटांनी तिने कोट घातला.

'छान आहे हं.' हे मुलांचे वाक्य नव्हे. हे वाक्य मोठी माणसे नको असलेली भेटवस्तू उघडल्यावर म्हणतात. त्या घटकेपर्यंत मला काळजी होती. त्यानंतर मला भीती वाटू लागली. माझी मुलगी सात वर्षांची होती आणि ती माझे मन राखत होती. उरलेले बालपण असे किती राहिले असेल, याचा हिशेब करायला बसलो, आणि आयुष्यात प्रथमच मी पेन्सिल खाली ठेवली.

"एकटं मूल कसं खेळेल?" मुख्याध्यापिका म्हणाल्या. "चार पोरं जमवा. त्यांचं बघून ही खेळेल." घरात चार मुले धावली तर धोक्याची सतरा ठिकाणे होतात, म्हणून इमारतीचा हॉल मागायचे ठरले. सेक्रेटरींनी नियमांची वही काढली. हॉल तीनच कारणांसाठी मिळत असे, सभा, समारंभ किंवा शोक.

"खेळ कुठंच नाही," ते वहीवरून बोट फिरवत म्हणाले. "शोकात बसवू का?"

मी एवढा दचकलो, की त्यांनी मला पाणी दिले.

"मग समारंभ? पण त्याला सगळ्या सभासदांची लेखी संमती लागते, आणि तिसऱ्या मजल्यावरचे दोघं भाऊ एका कागदावर सही करत नाहीत. सभा घ्या तुम्ही. सभेला सात माणसं पुरतात. वयाची अट नियमात लिहिलेली नाही, हे माझ्या आत्ता लक्षात येतंय."

अशा रीतीने सत्तावीस तारखेला, शनिवारी साडेचार वाजता, सूचनाफलकावर रीतसर नोटीस लागून मुलांची सभा भरली. विषयपत्रिकेवर तीन विषय होते, मागील सभेचा वृत्तान्त कायम करणे, कल्पनाविलास, आणि ऐनवेळचे विषय. मी दारात टेबल टाकून उभा होतो. प्रत्येक मूल आपापला पोशाख करून येत होते आणि मी फक्त आवश्यक तेवढीच सुधारणा करत होतो. समुद्री चाच्याचा आकडा काढून घेतला. परीच्या कांडीचे टोक कापले. दोन दाढ्या जप्त केल्या, कारण त्या दोऱ्याने कानांना बांधल्या होत्या. एक मुलगा कोळी होऊन आला होता; त्याचे सहा जादाचे पाय लोंबत होते, ते मी त्याच्या पाठीशी टाके घालून बसवले. हे सर्व करताना माझा स्वर प्रेमळ होता.

मुले खुर्च्यांवर बसली. सेक्रेटरींनी मागील सभेचा वृत्तान्त वाचला. त्यात पाण्याच्या टाकीच्या झाकणाबद्दल दोन पाने होती. परीला जांभई आली. नंतर सेक्रेटरी म्हणाले, "विषय क्रमांक दोन. कल्पनाविलास. करा सुरू." कोणीही हलले नाही. कोळी रडू लागला.

तेवढ्यात दार ढकलले गेले आणि काळ्या कोटातली माझी मुलगी आत आली. दारापासून अध्यक्षांच्या टेबलापर्यंत बारा मीटर अंतर असेल. तिने सोळा मिनिटे घेतली. टाच, थांबणे, टाच, थांबणे; मान कॉलरमध्ये, डोळे अर्धे मिटलेले. सारी मुले खुर्चीच्या कडेवर येऊन तिच्याकडे पाहत होती. कोळ्याचे रडे थांबले. ती टेबलाशी पोहोचली तेव्हा सेक्रेटरी नकळत उभे राहिले आणि त्यांनी आपल्या शेजारची खुर्ची पुढे केली. "या, या. बसा." चाच्याने खिशातून कोबीचे एक पान काढून दोन्ही हातांनी तिच्यापुढे ठेवले.

"बघा," सेक्रेटरी माझ्या कानात म्हणाले, "सभेला शोभेल असं एकच मूल आलं. तुमचं."

खुर्चीवर बसून ती पान खात होती, सावकाश, एका बाजूने. समोर सहा मुले होती आणि माझ्या मुलीच्या जागी मला एक थकलेली, परिश्रमी, डाएटवर असलेली बाई दिसत होती.

"मूळ कोटात आहे," जिन्यात मुख्याध्यापिकांनी निकाल दिला. "कोट हलवा." दंतवैद्यांनी दुजोरा दिला. "मूळ किडलं की दात काढावाच लागतो."

पत्नीचे मत मी रविवारी विचारले. तिने वर्तमानपत्रातून डोके वर काढले नाही. "कोट माझा, मुलगी आपली, आणि डोकं त्या दोघांचं चालणार? तू तिला विचारलंस का एकदा?" मी तिला निरीक्षणाचे तत्त्व समजावले. ती म्हणाली, "तुझ्या तत्त्वाला एक दिवस मी नोटीस पाठवणार आहे."

एकोणतीस तारखेला सोमवारी शाळेला सुटी होती. मी रजा घेतली, पत्नी कामावर गेल्यावर कोट आणि बूट लोखंडी कपाटात ठेवले, कुलूप लावले आणि किल्ली खिशात टाकली.

पाच वाजून वीस मिनिटांनी भिंगरी कपाटापुढे आली. कुलपाकडे पाहिले. माझ्याकडे पाहिले. ती रडली असती तर मला बरे वाटले असते. रडण्याची नोंद करता येते. ती वळली आणि निघून गेली. मी नोंदवहीत 'प्रतिक्रिया: नाही' असे लिहिले.

पाच पस्तीसला ती घरात नव्हती.

इथून पुढची वीस मिनिटे मला क्रमाने सांगता येणार नाहीत, आणि क्रमाने सांगता न येणारी माझ्या आयुष्यातली ती पहिलीच वीस मिनिटे आहेत. बाहेरच्या दाराची कडी उघडी होती. ती आधीपासून उघडी होती की आत्ता उघडली, हे मला आठवेना. ज्या माणसाला एकवीस वर्षांत तुटलेले प्रत्येक बटण आठवते, त्याला स्वतःच्या दाराची कडी आठवेना. मी पलंगाखाली पाहिले. पेटी उघडली, तीन पोशाख, मुलगी नाही. धुण्याच्या यंत्राचे दार उघडले. यंत्र रिकामे होते. मी जिन्यात ओरडलो. मुख्याध्यापिका अनवाणी धावत आल्या आणि त्यांनी या खेपेस काहीही सुचवले नाही. दंतवैद्य अर्ध्यावर आलेल्या पेशंटला तोंड उघडे तसाच सोडून गच्चीकडे पळाले. सेक्रेटरी पाण्याच्या टाकीकडे गेले. टाकी म्हटल्यावर मला तो वृत्तान्त आठवला. झाकणाबद्दलची दोन पाने.

न झालेल्या अपघातांचा मी जाणकार आहे. ते सारे एकाच वेळी माझ्यापुढे येऊन उभे राहिले, प्रत्येकाच्या हातात त्याचा आकडा होता.

टाकीचे झाकण घट्ट लावलेले आहे, असे सेक्रेटरी खालून ओरडले. मी घरात परत आलो, कारण कुठे जावे ते कळत नव्हते, आणि मागच्या बाल्कनीत कपडे धुण्याचा मोठा हिरवा टब पालथा पडला होता त्याला टेकून खाली बसलो. मी तिचे नाव घेतले. मोठ्याने नाही, तेवढा आवाज उरला नव्हता.

टब पुढे सरकला.

मी त्याच्याकडे पाहत राहिलो. तो थांबला. मग पुन्हा सरकला. सुमारे सव्वा सेंटिमीटर.

मी दोन्ही हातांनी त्याची कड धरली, तेव्हा आतून आवाज आला, "उचलू नकोस ना, बाबा."

मी उचलला नाही. मी फरशीवर पालथा झालो, गाल जमिनीला लावला आणि टबाच्या कडेखालच्या फटीतून आत पाहिले. दोन डोळे माझ्याकडे पाहत होते. खाली काकडीचा तुकडा होता. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होते आणि ते नाकावरून आडवे वाहत होते. नोंदवहीच्या चार रकान्यांत जो प्रश्न कुठेच नव्हता, तो मी तेव्हा विचारला.

"भिंगरे, तू काय करतेयस?"

"मी कासव आहे," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"एकशे बारा वर्षं झाली. म्हणून तर पळत नाही."

"आणि तो कोट?"

"ती पाठ होती माझी. तू कुलपात ठेवलीस."

"अगं, पण मग सांगायचंस ना मला! मी तुला कासवाचा पोशाख शिवून दिला असता."

"म्हणून तर नाही सांगितलं."

"म्हणजे?"

टब जरासा हलला. माझे मन राखायचे की खरे सांगायचे, याचा ती विचार करत असावी. मग फटीतून सावकाश एक हात बाहेर आला आणि त्याने माझ्या नाकावरचे पाणी पुसले.

"तू पाठीला भोकं पाडली असतीस. हवा यायला म्हणून. आणि मान आत घ्यायला दिली नसतीस, समोरचं दिसत नाही म्हणाला असतास. वाघाची शेपटी तू कापलीस. आधी मी पक्षी होते ना, तर तू पंख अंगालाच शिवून टाकलेस. आईच्या कोटाला तू काही करत नाहीस. तो मोठ्यांचा आहे."

मागे पत्नी येऊन उभी राहिली होती. तिला कोणीतरी फोन केला होता. ती धापा टाकत होती. मी फरशीवरूनच खिशातली किल्ली काढून तिच्याकडे दिली. तिने माझ्याकडे पाहिले, टबाकडे पाहिले आणि कपाट उघडायला गेली.

इमारतीतल्या सहाही मुलांना ही गोष्ट पहिल्या आठवड्यापासून माहीत होती, असे चौकशीत निष्पन्न झाले. त्यांपैकी कोणी ती मला का सांगितली नाही, असे मी चाच्याला विचारले. तो म्हणाला, "तुम्ही विचारलंच नाही, काका."

त्या संध्याकाळी मी नोंदवहीचे शेवटचे पान काढले आणि कारण लिहिले. पक्ष्याचे पंख मी दोन तारखेला रात्री शिवले. कोट तीन तारखेला बाहेर आला. घरातल्या सगळ्या कपड्यांत मी ज्याची तपासणी केली नव्हती असा तो एकच कपडा होता, कारण तो सोंगाचा आहे असे मला वाटलेच नव्हते. मुलगी मोठी होत नव्हती. ती कासव होती, आणि हे माझ्यापासून लपवणे तिला भाग होते, कारण मला कळलेला प्रत्येक प्राणी मी दुरुस्त केला होता.